पूजेतला बॉल

शिंक आली तरी तो आधी हातातला बॉल खाली ठेवायचा आणि मग शिंकायचा. खाली म्हणजे जमिनीवर नाही. सोफ्यावर, खुर्चीवर, फारच घाई असेल तर माझ्या मांडीवर. लाल चामड्याचा, लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता असा तो बॉल. इथल्या लोकांचा फुटबॉल असाच असतो आणि त्या खेळाला ते लाडाने 'फुटी' म्हणतात. ॲडलेडच्या उत्तरेला मॉसन लेक्स नावाच्या वस्तीत माझं घर आहे. त्या घरात हा बॉल महामारीच्या पहिल्या वर्षी सात-आठ महिने मुक्कामाला होता. सोबत त्याचा मालकही होता.

मालकाचं वय एकोणीस, उंची सहा फूट चार इंच. समुद्राकडच्या गव्हाच्या पट्ट्यातल्या एका शेतावरून आलेला. आदल्या वर्षी एका मोठ्या क्लबाने त्याला निवडलं होतं. देशभरातून पोरं निवडतात, त्या यादीत याचं नाव अगदी शेवटी. आई-बापांनी तोवर टीव्ही बंद केला होता, कारण कापणी चालू होती आणि पाऊस यायच्या आत गहू काढायचा होता. बापाला पोराची निवड झाल्याचं कापणीच्या यंत्रावर बसल्या बसल्या यंत्रातल्या वायरलेसवर शेजाऱ्याने सांगितलं. बाप "ओके" म्हणाला आणि राहिलेली पट्टी कापून मगच उतरला. हे तो मला फार कौतुकाने सांगायचा. मला त्यात कौतुक करण्यासारखं काय ते कळायचं नाही, पण मी मान डोलवायचो.

माझ्याकडे तो आला तो अपघाताने. माझ्या दोन खोल्यांत युनिव्हर्सिटीची दोन मुलं राहायची, ती सुट्टीला भारतात गेली आणि इकडे सीमा बंद झाल्या. क्लबाने याची सोय एका म्हाताऱ्या जोडप्याकडे केली होती. ते जोडपं व्हायरसला इतकं घाबरलं की त्यांनी त्याला अदबीने बाहेर काढलं. कोणीतरी माझा नंबर दिला. दारात उभा राहून त्याने पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. "मेट, तुमच्याकडे लांब पॅसेज आहे का?"

घरात मी होतो आणि आई होती. आई तीन महिन्यांसाठी आली होती, माझं लग्न या खेपेला जमवूनच जायचं असं ठरवून. ती पावणेदोन वर्षं राहिली आणि माझं लग्न जमलं नाही. तिचं विमान किती वेळा रद्द झालं ते मोजायचं आम्ही सोडून दिलं होतं. दर वेळी तो तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवायचा आणि म्हणायचा, "अनलकी, आई." त्याचा हा एकच शब्द सगळ्याला पुरायचा. दूध उतू गेलं, अनलकी. देशात लॉकडाऊन लागला, अनलकी. महिन्याभरात आईही म्हणायला लागली. पोळी करपली की तिच्या तोंडून "अगं बाई" निघायच्या आधी "अनलकी" निघायचं.

त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. ती मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि मधे मी भाषांतराला तोंड उघडलं की दोघंही माझ्याकडे मधे बोलणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघायचे.

आमच्या घरी चपला-बूट दाराबाहेर काढायची पद्धत. तो आल्यावर चौथ्या दिवशी मी सकाळी दार उघडलं तर सगळी पादत्राणं अंगणात पसरलेली. मला वाटलं कुत्र्याने ओढली. मग लक्षात आलं की त्यांत शिस्त आहे. तीन पुढे, तीन मागे, तीन मधे. तो पायरीवर बसून चहा पीत होता. "ही आपली फॉरवर्ड लाइन," तो म्हणाला. मधोमध, सगळ्यात उंच आणि धिप्पाड खेळाडूच्या जागी आईची कोल्हापुरी होती. माझे कारखान्यातले सेफ्टी बूट कुठे दिसेनात. विचारलं, तर म्हणाला, "बेंचवर. ते स्लो आहेत." बूट कचऱ्याच्या डब्यामागे सापडले आणि मला शिफ्टला उशीर झाला. ब्रेडच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्याचं माझं काम. सगळं बंद असताना ब्रेड मात्र चालू होता, त्यामुळे मी अत्यावश्यक झालो होतो. एरवी मला अत्यावश्यक कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

तो मात्र अनावश्यक झाला होता. सीझनची पहिली फेरी झाली आणि स्पर्धा थांबली. खेळाडूंना घरी बसवलं, अर्ध्या कोचांना काढलं. हा सुपरमार्केटमध्ये माल लावायला जायला लागला. तिथे लोक टॉयलेट पेपरवरून भांडत असताना हा म्हाताऱ्या बायकांच्या ट्रॉलीत लांबून अचूक बंडल टाकायचा. घरी येऊन तो मला सांगायचा ते फक्त हुकलेलं बंडल. लागलेलं त्याने कधी सांगितलं नाही. सरावाचंही तेच. शंभर किक मारल्या आणि त्याला विचारलं कशा झाल्या, तर उत्तर यायचं, "सात वाईट."

मधे काही आठवडे असा नियम आला की सराव करायचा तर दोघांनीच करायचा, तिसरा नको. त्याचा जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि त्याच्या घरात कोणाला तरी खोकला झाला. मग जोडीदार म्हणून मी उभा राहिलो. मी पुण्यात कॉलेजच्या टीमचा विकेटकीपर होतो, हे मी त्याला एकदा जरा चढवून सांगितलं होतं. ते मला भोवलं. या खेळात बॉल फेकायला बंदी आहे. एका तळव्यावर बॉल धरायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ मारून पुढे ढकलायचा. पहिल्या सकाळी मी सवयीने स्टंपाकडे फेकावा तसा फेकला. तो बॉल न पकडता बाजूला झाला, त्याने बॉल जाऊ दिला, उचलून आणला, माझ्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाला, "अगेन." असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मी मूठ मारली आणि अंगठा मुरगळून घेतला. "अनलकी," तो म्हणाला, आणि बर्फ आणायला पळाला.

त्याने साठ मीटरवरून मारलेला बॉल माझ्या छातीवर येऊन बसायचा. मला हलावं लागायचं नाही. इतकी वर्षं मशिनं बघितली, पण असं काम मी माणसाच्या पायाने केलेलं पाहिलं नव्हतं. मनापासून सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायला लागला, आणि तो माझा कोणीही लागत नव्हता.

वयाच्या सहाव्या वर्षापासून त्याने एक दिवसही बॉल सोडलेला नव्हता. कांजिण्या आल्या तेव्हा घरातल्या पॅसेजमध्ये मारला. आजोबा गेले त्या दिवशी स्मशानातून आल्यावर गोठ्यामागे मारला. बापाने नव्वद किलोमीटर गाडी हाकून त्याला सरावाला नेलं, आठवड्यातून तीनदा, दहा वर्षं. "डॅडने एकदाही विचारलं नाही, येतोस का म्हणून," तो एकदा बटाटे सोलता सोलता म्हणाला. "गाडी चालू असायची." मी म्हटलं, नशीबवान आहेस. तो म्हणाला, हो. आणि बराच वेळ एकच बटाटा सोलत राहिला.

इकडच्या हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैला, स्पर्धा परत सुरू झाली आणि सगळे संघ क्वीन्सलँडमधल्या हॉटेलांत नेऊन कोंडले. दोन-तीन खेळाडू दुखावल्यावर याचा नंबर लागला. पहिली मॅच आम्ही टीव्हीवर बघितली. स्टेडियम जवळजवळ रिकामं, लोकांचा आरडाओरडा मागून टेपवर लावलेला. आईने देवाजवळ दिवा लावला होता आणि टीव्हीसमोर पाय वर घेऊन बसली होती. बॉल त्याच्या हाताला सहा वेळा लागला. त्यांतला एक गोल झाला. गोल झाल्यावर सगळे त्याच्या अंगावर पडले. त्या ढिगातून बाहेर येऊन तो आपल्याला अडवणाऱ्या खेळाडूजवळ गेला आणि त्याला काहीतरी म्हणाला. कॉमेंटेटरला वाटलं शिवी दिली. मी आईला म्हटलं, सॉरी म्हणाला असणार. नंतर विचारलं, तर तेच निघालं.

दुसरी मॅच सांगायला नको वाटते. दोन उंच खांबांमधून बॉल गेला की सहा गुण, बाजूच्या बुटक्या खांबाकडून गेला की एकच. त्याची टीम तीन गुणांनी मागे, शेवटचं मिनिट, आणि बॉल याच्या हातात, समोर तीस मीटर. तीस मीटरवरून तो माझ्या शर्टाचं बटण टिपायचा. तो तीन पावलं मागे गेला, पुढे आला, मारला. डावीकडे गेला. एक गुण. मॅच गेली.

त्याच्या फोनवर लोकांनी काय काय लिहिलं ते मी वाचलं नाही, त्याने वाचलं. बापाचा मेसेज मात्र त्याने मला पाठवला. त्यात दोनच शब्द होते, 'उभा पाय'. म्हणजे मारताना टेकवलेला पाय चुकला. बरोबरच होतं ते. मलाही टीव्हीवर दिसलं होतं.

त्यानंतर तो पाच-सहा आठवडे त्या हॉटेलात नुसता बसून होता. संघात नाव नाही, दुसऱ्या फळीच्या मॅचेस बंद. परत आला तो बारीक होऊन. त्या वर्षी सगळ्याच क्लबांनी यादीला कात्री लावली. याला फोन आला तेव्हा तो पायरीवर बसून आईची चप्पल पुसत होता. फोन चार मिनिटं चालला. तो "यस", "यस", "थँक्स" असं म्हणाला. फोन ठेवला आणि दुसरी चप्पल पुसायला घेतली. त्या दिवशी तो 'अनलकी' म्हणाला नाही. मी वाट बघत होतो.

घरी जावं तर बाप दिसणार, म्हणून तो इथेच राहिला. क्लब नाही, सीझन नाही, तरी रोज पहाटे मैदानावर जायचा. यायचा आणि म्हणायचा, "वीस वाईट." दुसऱ्या दिवशी, "पंचवीस वाईट."

मग नवरात्र आलं. इकडे तेव्हा वसंत असतो, ते आईला काही केल्या पटायचं नाही. आमच्या घरी नवमीला हत्यारांची पूजा. हत्यार म्हणजे ज्याच्यावर पोट चालतं ते. एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वापरायचं तर नाहीच. त्यालाही एक दिवस विश्रांती. माझे वडील त्या दिवशी गिरणीतल्या टूलबॉक्सकडे बघतसुद्धा नसत. मी माझा मल्टिमीटर आणि पान्यांचा सेट दिला. आईने झेंडूचं रोप कुंडीसकट आणून ठेवलं, कारण परक्या देशातली फुलं तोडायला तिचा हात होईना. मग ती मला म्हणाली, "त्याचं रे? त्याला विचार."

मी पहाटे त्याला दारात गाठलं. बूट हातात, बॉल बगलेत. सगळं समजावून सांगितलं.

"पूर्ण दिवस?" त्याने विचारलं.

"पूर्ण दिवस. उद्या सकाळी परत."

तो बॉलकडे बघत उभा राहिला. मला वाटलं नको म्हणेल, आणि मी म्हणणारही होतो की जाऊ दे, आमच्या घरचं खूळ आहे. पण त्याने आत जाऊन ओल्या फडक्याने बूट पुसले, नाडीतली माती काढली, बॉल पुसला आणि आईच्या हातात दिला. आईने हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या. मल्टिमीटरच्या शेजारी तो लाल बॉल चांगला दिसत होता.

सकाळभर त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. तो उठायचा, बसायचा. आईने त्याच्यापुढे पुरणाला घ्यायची डाळ निवडायला ठेवली.

अकराच्या सुमाराला त्याचा फोन वाजला, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. दुसऱ्या एका मोठ्या क्लबाचा, नवे खेळाडू हेरणारा माणूस. त्याने ती तीस मीटरवरची चुकलेली किक बघितली होती, पण त्याआधीचंही बघितलं होतं. दोन वाजता शाळेमागच्या मैदानावर ये, म्हणाला. बूट आण, अर्धा तास किक बघतो. तो माणूस संध्याकाळच्या विमानाने शहर सोडणार होता आणि त्यांच्या यादीत एकच जागा उरली होती.

"आज जमणार नाही," हा म्हणाला. "माझं सामान पूजेत आहे."

यावर पलीकडचा आवाज हळू झाला आणि काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, शेवटचं "नो वरीज, मेट" तेवढं आलं. या देशात 'नो वरीज' चार प्रकारचं असतं. हे चौथं होतं, ज्याच्यानंतर तो माणूस परत कधी फोन करत नाही.

"तू वेडा आहेस का?" मी ओरडलो. "लाव परत फोन! सांग येतो!"

आई कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

मी सांगितलं. तिने क्षणाचाही विचार केला नाही. "अरे मग उचल की! देव काय पोलीस आहे? बाळा, घे. टेक, टेक." तिने बुटांकडे बोट केलं.

तो जागचा हलला नाही. "नो, आई. टुमॉरो."

"अरे, मी सांगते ना, काही होत नाही. घे ते आणि जा," आई म्हणाली.

त्याने मान हलवली. आईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि ती आत निघून गेली. मी तिच्या मागे गेलो. म्हटलं, "तू सांग ना त्याला, तुझं ऐकेल." ती म्हणाली, "तेल तापलंय, सरक बाजूला." मी बाहेर येऊन त्याच्याशी भांडलो. दुसरे बूट घेऊ म्हटलं, मी गाडी काढतो म्हटलं. तो म्हणाला, "मी शब्द दिलाय, मेट." दोन वाजले, अडीच वाजले. त्याने तीन पुरणपोळ्या आणि नंतर चौदा पुऱ्या खाल्ल्या आणि सोफ्यावर आडवा होऊन चार तास झोपला. दिवसा झोपलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आईने दोन्ही हातांनी बॉल उचलून त्याला दिला. तो गेला तो दुपारी बारा वाजता आला. किती वाईट ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. दोन आठवड्यांनी तो कापणीसाठी घरी गेला.

त्याच्या जाण्यानंतर मला ती खोली उघडवत नसे. आमच्या घरच्या एका रिवाजापायी एका पोराचं करिअर बुडालं, असं माझ्या मनाने घेतलं. मी त्याला पहाटे दारात अडवलं नसतं तर? आईला मी एकदा हे बोललो, जरा रागानेच. ती म्हणाली, "झालं ते झालं." तिला एवढं थंड राहता येतं याचाही मला राग आला.

पुढच्या वर्षी तो राज्याच्या लीगमधल्या एका लहान क्लबाकडून खेळायला लागला. पगार नावाला, प्रेक्षक चारशे. मी दोनदा बघायला गेलो आणि त्याला न भेटताच परत आलो. जूनमध्ये, सीझनच्या मधोमध, मोठ्या क्लबांना रिकाम्या जागा भरता येतात. तेव्हा एका क्लबाने त्याला उचललं. ही बातमी त्यानेच मला फोन करून दिली.

मी अभिनंदन केलं, आणि मग मला राहवेना. म्हटलं, "हे तुला आठ महिने आधीच मिळालं असतं. त्या दिवसाबद्दल मला माफ कर. चूक माझी होती."

तो पलीकडे हसला. "मेट, मला बूट उचलता आले असते. आई सांगत होती ना, उचल म्हणून."

"मग का नाही उचललेस?"

"तो माणूस बघणार होता म्हणून मी गेलो असतो. डॅड विचारेल म्हणून गेलो असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीच बघायला येणार नव्हतं. मला बघायचं होतं, तरी मी बॉल उचलतो का."

तेरा वर्षांत त्याला ही संधी कोणी दिली नव्हती. आम्ही दिली ती चुकून, आणि वर मी आठ महिने तिचं ओझं वाहत बसलो.

आई ओट्याशी मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, त्याचं वाक्य जसंच्या तसं मराठीत करून. तिने मान वर केली नाही.

"मला दिसलं होतं ते," ती म्हणाली. "म्हणून तर मी दोनदाच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर बिचारा उठून गेला असता."